झाकली मूठ

कथा, कादंबरी किंवा नाटकातील पात्रांविषयी परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : ‘अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा.’ गेली पंचवीसेक वर्षे मी असे प्रश्न काढत आलो आहे आणि त्यांची उत्तरेही तपासत आलो आहे. या उत्तरांत एक गोष्ट मला सतत जाणवते. पात्राचे आयुष्य सरळ मार्गाने गेले असेल, तर विद्यार्थी त्याच्याविषयी चार वाक्ये लिहून थांबतो. परंतु त्या पात्राने पूर्वायुष्यातले काही झाकून ठेवले होते असे कळले, की त्याच्या लेखणीला एकदम धीटपणा येतो. ‘तिने सत्य दडवले’, ‘त्याचे बिंग फुटले’, ‘शेवटी पाप उघडे पडलेच’ अशी वाक्ये झरझर कागदावर उतरतात. उत्तरपत्रिकेचे न्यायालय होते आणि विद्यार्थी न्यायाधीश होऊन बसतो.

मराठी भाषा याबाबतीत दोन तोंडांनी बोलते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणून ती मूठ झाकणाऱ्याला शहाणे ठरवते. दुसऱ्याचा अपराध ‘पोटात घालणे’ हा तिला मनाचा मोठेपणा वाटतो. आणि तीच भाषा ‘बिंग फुटले’, ‘पितळ उघडे पडले’ असे म्हणताना आनंदाने टाळ्या पिटते. मूठ आपली असते तेव्हा आपल्याला म्हण आठवते. मूठ दुसऱ्याची असली म्हणजे हे वाक्प्रचार जिभेवर येतात. अशा पात्राने काय लपवले, एवढेच आपण पाहतो. ते त्याला कोणी विचारले, कशासाठी विचारले आणि तोच प्रश्न कोणाला विचारलाच गेला नाही, हे पाहायचे राहून जाते. माझ्या मते वाचनाची खरी सुरुवात या राहून गेलेल्या प्रश्नांपासून होते.

आपल्याकडील सर्वांत जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली झाकली मूठ कुंतीची आहे. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचे प्रदर्शन चालू असताना कर्ण पुढे येतो आणि अर्जुनाशी द्वंद्व मागतो. तेव्हा कृपाचार्य त्याला विचारतात, तुझे कुळ कोणते? तुझे मातापिता कोण? वरवर पाहता हा नियमाचा प्रश्न आहे, कारण राजपुत्राने बरोबरीच्याशीच लढायचे असते. परंतु भरल्या सभेत आलेल्या त्या प्रश्नाने कर्णाची मान खाली जाते. प्रेक्षकांत बसलेली कुंती मूर्च्छित होऊन पडते. ज्या माउलीला खरे उत्तर ठाऊक आहे, तिलाच तोंड उघडण्याची सोय नाही. त्यानंतर थोड्याच वेळात सारथी अधिरथ घामाघूम होऊन, काठी टेकत तिथे येतो. नुकताच अंगदेशाचा राजा झालेला कर्ण अभिषेकाच्या पाण्याने भिजलेले आपले मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो. जेवढा भूतकाळ कर्णाला ठाऊक होता, तेवढा त्याने लपवला नाही. त्याबद्दल त्याला काय मिळाले? भीमाचा उपहास.

युद्ध संपल्यावर कुंती आपली मूठ उघडते. ज्याला आपण मारले तो आपला थोरला भाऊ होता हे ऐकून युधिष्ठिर शोकाने वेडावतो आणि शाप देतो, की यापुढे स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही. आमच्या लहानपणी ही हकीकत विनोद म्हणून सांगितली जाई आणि घरातल्या बायकाही हसत. आज त्यातला अन्याय डोळ्यांत खुपतो. शाप साऱ्या स्त्रीजातीला मिळाला. सूर्य मात्र रोजच्यासारखा उगवत राहिला.

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कर्णाची कथा सहा व्यक्ती आपापल्या मुखाने सांगतात आणि त्यांत कुंतीही आहे. या कादंबरीचे अनेक गुण सांगितले जातात. मला मात्र तिच्या या रचनेचे मोल अधिक वाटते. ज्या स्त्रीविषयी हजारो वर्षे इतर लोक बोलत होते, तिला इथे ‘मी’ म्हणता आले. तिची मूठ तिनेच उघडली. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईच्या रंगभूमीवर एक नाटक आले, ज्यात एका स्त्रीची मूठ इतरांनी बळाने उघडली. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे ते नाटक. अरविंद देशपांडे यांनी ते दिग्दर्शित केले आणि बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली.

ज्यांनी हे नाटक वाचलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईतील काही हौशी मंडळी एका गावात ‘अभिरूप न्यायालया’चा कार्यक्रम करण्यासाठी आली आहेत. रात्रीच्या कार्यक्रमात ते अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालवणार आहेत. एक नट आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या साध्याभोळ्या माणसाला उभे करायचे ठरते. त्याला न्यायालयाची रीत समजावी म्हणून रंगीत तालीम सुरू होते आणि गंमत म्हणून एक खोटा खटला रचला जातो. आरोपी कोण? मंडळींत सर्वांत मोकळेपणाने हसणारी, शाळेत शिकवणारी लीला बेणारे. आरोप कोणता? भ्रूणहत्येचा. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला पाहता पाहता खरा होतो. पंधराव्या वर्षी सख्ख्या मामावर जडलेले तिचे प्रेम, त्यानंतरचा आत्महत्येचा प्रयत्न, पुढे विद्वान प्राध्यापक दामले यांच्याशी आलेला संबंध आणि त्यातून राहिलेला गर्भ, हे सारे एकामागून एक बाहेर ओढले जाते.

आता या न्यायालयात बसलेली माणसे कोण आहेत ते पाहावे. सुखात्मे हे वकील आहेत, पण त्यांची वकिली चाललेली नाही. आणि या खटल्यात फिर्यादीचे व आरोपीचे अशी दोन्ही वकीलपत्रे त्यांच्याकडेच आहेत. पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणतात, पण इंटरची परीक्षा त्यांना पार करता आलेली नाही. न्यायासनावर बसलेले काशीकर आणि त्यांच्या पत्नी यांना मूल नाही; त्यांनी आश्रय दिलेला बाळू रोकडे त्यांच्या ओझ्याखाली वाकलेला आहे. म्हणजे प्रत्येकाची एक झाकली मूठ आहे. नाटकाच्या आरंभी बेणारेबाई सामंतापाशी हसत हसत या सगळ्यांची थट्टा करतात, तेव्हा आपल्याला ती केवळ गंमत वाटते. पुढे काय घडले ते कळल्यावर मागे वळून तो भाग पुन्हा वाचला पाहिजे. ज्यांची स्वतःची उणीव त्यांना टोचते आहे, अशा माणसांना एक मोकळी हसणारी बाई सापडली आहे.

सामंताची साक्ष तर मला साऱ्या नाटकातील सर्वांत विलक्षण जागा वाटते. त्या बिचाऱ्याला यातले काहीच ठाऊक नाही. साक्ष द्यायची म्हणून तो हातातल्या एका कादंबरीचा आधार घेऊन एक प्रसंग रचून सांगतो, आणि ती बनावट हकीकत बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्याशी तंतोतंत जुळते. काल्पनिक गोष्ट खऱ्या दुःखाला नकळत जाऊन भिडते. पात्रांच्या दुःखाशी वाचकाचे नाते बहुधा असेच जुळते. फरक एवढाच, की सामंताला आपण काय केले हे कळत नाही आणि बाकीच्यांना ते लगेच कळते. त्या घटकेपासून खेळ संपतो. बेणारेबाई तिथून निघू पाहतात, तर दाराला बाहेरून कडी अडकलेली असते.

शिक्षा काय होते, तेही नीट पाहण्याजोगे आहे. आरोप होता भ्रूणहत्येचा, आणि न्यायाधीश काशीकर निकाल देतात की बाईच्या पोटातला गर्भ नष्ट केला जावा. ज्या कृत्याबद्दल आरोपी ठरवले, तेच कृत्य शिक्षा म्हणून सुनावले. शिवाय १९६७ साली गर्भपात हा तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता. त्याला अपवाद फक्त स्त्रीचा जीव वाचवण्याचा. त्याला अधिक मोकळीक देणारा कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १९७२ पासून लागू झाला. म्हणजे नीतीचे रक्षण करायला बसलेले हे न्यायालय स्वतःच बेकायदा शिक्षा देत होते आणि त्यांपैकी एकालाही ते जाणवत नव्हते.

निकालापूर्वी बेणारेबाईंना बोलण्यासाठी थोडा अवधी दिला जातो. तेव्हा त्यांचे ते प्रसिद्ध दीर्घ स्वगत येते. पण रंगमंचावरील इतर पात्रे त्या वेळी गोठून गेलेली असतात. कुंतीला सावंतांनी श्रोते मिळवून दिले. बेणारेबाईंचे शब्द मात्र समोर बसलेल्या प्रेक्षकांशिवाय कोणालाही ऐकू जात नाहीत. हे स्वगत लिहायला तेंडुलकर सुरुवातीला तयार नव्हते, दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे ते लिहिले गेले, असे सांगितले जाते. त्यांची नाखुशी मी समजू शकतो. इतका वेळ सर्वांनी जिला उघडे केले, तिने स्वतःही सारे उघड करून सांगावे का, हा प्रश्न लेखकाला पडला असेल तर तो रास्तच होता.

काही वर्षांपूर्वी रायपूरमध्ये रविवारच्या संपर्कवर्गात या नाटकाविषयी मी बोलत होतो. समोर वीस-बावीस प्रौढ विद्यार्थी होते. आमच्या या भागाचा मराठीशी संबंध नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा आहे. त्यामुळे वर्गात पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेली मराठी कुटुंबांतील माणसे होती, तशा विदर्भातून लग्न होऊन आलेल्या स्त्रियाही होत्या. मी फळ्यावर नेहमीचा प्रश्न लिहिला : ‘बेणारेबाईंनी आपला भूतकाळ का लपवला?’ मागच्या बाकावरच्या, चाळिशीच्या एका बाई जरा वेळाने म्हणाल्या, “सर, बाईंनी लपवलं कुठं? त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं ते पिंजऱ्यात उभं करूनच विचारलं.”

मी फळ्यावरचा प्रश्न पुसला. पण पुसताना मला स्वतःची एक सवय आठवली आणि मी ओशाळलो. दर वर्षी पहिल्या तासाला मी प्रत्येकाला उभे करून नाव, गाव आणि शाळा का सुटली हे सांगायला लावत असे. ओळख व्हावी, एवढाच माझा हेतू होता. सर्वांची उत्तरे साधारण सारखी असत : घरची परिस्थिती, वडिलांचे आजारपण, लवकर झालेले लग्न. एके वर्षी एका गृहस्थांनी ‘गावात शाळा नव्हती’ असे सांगितले. पुढे सहा महिन्यांनी बसथांब्यावर त्यांनी आपण होऊन मला निराळीच गोष्ट सांगितली. ती इथे सांगण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या गावात शाळा होती, एवढे म्हटले तरी पुरे. पहिल्या दिवशी ते खोटे बोलले होते का? शब्दांच्या हिशेबाने होय. पण वीस अनोळखी माणसांसमोर तो प्रश्न विचारणारा मी होतो. कृपाचार्यांप्रमाणे माझाही प्रश्न नियमाचाच होता.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांना हा प्रश्न नव्याने सांगायला नको. वयाच्या तिशी-चाळिशीत पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला अर्जावर, मुलाखतीत, सोयरिकीच्या बैठकीत कुठे ना कुठे मधल्या वर्षांचा हिशेब विचारला जातो. त्यामुळे पूर्वायुष्य झाकणारी पात्रे तुम्हांला माझ्यासारख्या सरळ शिकत गेलेल्या माणसापेक्षा अधिक कळतील, अशी माझी समजूत आहे.

बाबूराव बागूल यांच्या एका कथेचे शीर्षकच या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे : ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि दलित साहित्याच्या वाटचालीतील तो एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. कथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळ उधन्याला जातो. राहायला खोली हवी. खोली मिळण्यापूर्वी जात विचारली जाते. तो आपली जात सांगत नाही. त्याच्या कवितेवर, बोलण्यावर खूश होणारी माणसे त्याला घरी बोलावतात, आदराने वागवतात. खरे कळल्यावर तीच माणसे त्याला बेदम मारतात. तिथेच काम करणारा काशिनाथ आपली जात कधीच लपवत नाही. त्यासाठी पदोपदी भांडायची त्याची तयारी असते, आणि शेवटी तोच धावून येतो.

शीर्षकातला ‘चोरली’ हा शब्द पाहावा. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. स्वतःची जात माणूस कसा चोरेल? परंतु विचारणाऱ्यांच्या लेखी ती त्याची खाजगी बाब नव्हतीच. ती कळण्याचा हक्क आपला आहे असे त्यांना वाटत होते, म्हणून न सांगणे ही चोरी ठरली. विचारणाऱ्यांचाच शब्द उचलून बागूलांनी तो कथेच्या माथ्यावर बसवला आहे. दुसरे असे, की कवितेवर भाळलेल्या त्या माणसांना फसवले गेल्याचा राग आला. पण ज्या माणसाचा त्यांनी आदर केला होता तो तर तोच होता, त्याची कविताही तीच होती. मग त्यांची नेमकी काय वस्तू चोरीला गेली? वर्गात हा प्रश्न विचारला, की बराच वेळ कोणी बोलत नाही.

काशिनाथाचा मार्ग निःसंशय ताठ मानेचा आहे, आणि पुष्कळ विद्यार्थी त्यालाच कथेचा खरा नायक मानतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. रोज भांडण्याचे बळ प्रत्येकात असते असे नाही, आणि ज्याच्यात ते नाही त्याने निवाराही मागू नये असे म्हणता येत नाही. लेखकाने दोघांनाही शेजारी उभे केले आहे आणि निवाडा केलेला नाही.

निवाडा न करता अशा पात्राजवळ कसे जावे, याचे एक उदाहरण आमच्या शेजारच्याच गावातले आहे. रायपूरहून राजनांदगाव फार लांब नाही. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते आणि १९६४ साली त्यांचे निधन झाले. त्यांची मातृभाषा मराठी; त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत आणि गजानन माधव हिंदीत. (पाठ्यपुस्तकांच्या कामात वावरणाऱ्या माझ्यासारख्याला हेही आठवते, की मुक्तिबोधांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली होती.) ‘ब्रह्मराक्षस’ ही त्यांची कविता प्रसिद्ध आहे. गावाबाहेरच्या ओसाड बारवेत एक ब्रह्मराक्षस बसला आहे. तो एके काळचा मोठा विद्वान आहे. आपला मळ निघावा म्हणून तो अंग सारखे घासतो आहे आणि मळ काही निघत नाही. त्याच्या हातून काय राहिले, तो कशाखाली चिरडला गेला, हे कवी बारवेच्या काठावरून जाणून घेऊ पाहतो. आणि शेवटी त्याला काय हवेसे वाटते? त्या ब्रह्मराक्षसाचे शिष्य व्हावे आणि त्याचे अपुरे राहिलेले काम पुढे न्यावे. आपल्या लोककथांत ब्रह्मराक्षस दिसला की माणसे पळतात किंवा मांत्रिकाला बोलावतात. मुक्तिबोधांचा कवी काठावर थांबतो.

थांबणे म्हणजे सारे क्षम्य मानणे, असा याचा अर्थ मी घेत नाही. दुसऱ्याला फसवून, त्याचे नुकसान करून भूतकाळ दडवणारी पात्रेही साहित्यात आहेत आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. प्रा. दामले हे असेच एक पात्र आहे, आणि त्यांना जाब विचारायची आठवण फारच थोड्या उत्तरपत्रिकांना होते. दामले त्या दिवशी मंडळींबरोबर आलेलेच नाहीत. खटल्यात त्यांचे नाव निघते, त्यांच्या खोलीची हकीकत निघते. बेणारेबाईंनी पोटातल्या मुलाला नाव मिळावे म्हणून इतरांपुढे कशी याचना केली, तेही साक्षीत येते. दामल्यांना मात्र आरोपी करावे असे कोणाच्याही मनात येत नाही.

मी त्या वर्षी स्वाध्यायातला जुना प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी दुसरा घातला : ‘प्रा. दामले या खटल्याला हजर असते तर काय घडले असते?’ चार गुणांचा प्रश्न होता. बहुतेकांनी लिहिले, की दामल्यांनी बाईंना वाचवले असते. काहींनी लिहिले, की ते तोंड फिरवून निघून गेले असते. एका उत्तरपत्रिकेत दोनच ओळी होत्या. दामले आले असते तर खटला झालाच नसता, असे त्या विद्यार्थिनीने लिहिले होते. सगळे जण त्यांना बसायला चांगली खुर्ची शोधण्यात गुंतले असते. ‘विद्यार्थिनी’ हा शब्द तिने ऱ्हस्वदीर्घ चुकवून लिहिला होता. तेवढा अर्धा गुण मला कापावा लागला.